डिजिटल ध्वनियंत्रणेतील गेन स्ट्रक्चर : माइकपासून मंडपाच्या हद्दीपर्यंत

माइकमधून निघणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो आणि स्पीकरला मिळणारा कित्येक व्होल्टचा. या दोन टोकांमध्ये तो प्रीॲम्प, ॲनालॉगचे डिजिटल करणारा कन्व्हर्टर, मिक्सरच्या आतले गणित, डिजिटलचे पुन्हा ॲनालॉग करणारा कन्व्हर्टर, क्रॉसओव्हर किंवा डीएसपी आणि शेवटी पॉवर ॲम्प अशा टप्प्यांतून जातो. प्रत्येक टप्प्याची स्वतःची खरखर असते, तिच्याखाली गेलेला आवाज बुडतो. प्रत्येक टप्प्याला वरची मर्यादाही असते, ती ओलांडणारा आवाज फाटतो. सिग्नल सगळ्या टप्प्यांवर या दोन्ही हद्दींपासून पुरेसा दूर राहील अशी गेनची, म्हणजे सिग्नल वाढवण्याच्या प्रमाणाची, वाटणी म्हणजे गेन स्ट्रक्चर.

श्रोत्यांपर्यंत आवाज किती मोठा पोचावा हा प्रश्न वेगळा आहे आणि तो साखळीच्या शेवटी सोडवायचा असतो. पहिल्या टप्प्यावरचा गेन ठरतो तो गाणारा किती जोर लावतो आणि माइक तोंडापासून किती दूर धरतो यावरून. समोर किती माणसे बसली आहेत याच्याशी त्याचा संबंध नाही. बिघडलेल्या आवाजाच्या मुळाशी बहुतेक वेळा या दोन प्रश्नांची गल्लत असते. आवाज लहान वाटला की हात गेनच्या नॉबकडे जातो, फाटला की ॲम्पकडे, आणि दोन्ही वेळा तो चुकीच्या जागी पोचलेला असतो.

उदाहरणासाठी विदर्भातले मंडप घेऊ. यवतमाळचा नवरात्रातला दुर्गोत्सव विदर्भभर प्रसिद्ध आहे. शहराला लागून असलेल्या लोहाऱ्यासारख्या वस्तीतही गणपतीपासून नवरात्रापर्यंत मंडपांचा हंगाम असतो. मिरवणुकीतल्या डीजेची चर्चा जास्त होते, पण साउंडवाल्याची खरी परीक्षा घेतो तो या भागातला खंजिरी भजनाचा कार्यक्रम. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (1909–1968) खंजिरीच्या साथीने भजने म्हणत गावे जोडली. त्यांच्या मागेही वऱ्हाडात गावोगावची भजन मंडळे ती रीत चालवतात. एक मुख्य गायक, मागून ओळ उचलणारे पाच-सहा जण, पेटी, तबला किंवा ढोलकी, टाळ आणि खंजिरी, इतका सरंजाम पाच-सहा माइकांवर भागवायचा असतो. मध्येच गायक आवाज खाली आणून दोन शब्द समजावतो आणि पुढच्याच क्षणी खंजिरीवर थाप पडते. पातळ्यांची जवळजवळ सगळी टोके एकाच कार्यक्रमात भेटत असल्यामुळे पुढचे विवेचन बरेचसे याच कार्यक्रमाच्या आधाराने केले आहे.

आधी एककांचा हिशेब. डेसिबल हे दोन गोष्टींचे गुणोत्तर सांगते, म्हणून कशाच्या तुलनेत हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही. व्होल्टेज दुप्पट झाले की 6 डेसिबल वाढतात, दहापट झाले की 20. डीबीयू या एककात शून्य म्हणजे 0.775 व्होल्ट. हा विचित्र आकडा टेलिफोनच्या जमान्यातला आहे. 600 ओहमच्या लाइनवर 1 मिलिवॉट शक्तीसाठी एवढे व्होल्टेज लागते. डीबीव्हीमध्ये शून्य म्हणजे सरळ 1 व्होल्ट. व्यावसायिक उपकरणांची नेहमीची पातळी अधिक 4 डीबीयू, म्हणजे 1.23 व्होल्ट, घरगुती उपकरणांची उणे 10 डीबीव्ही, म्हणजे 0.316 व्होल्ट. वरवर पाहता दोहोंत 14 डेसिबलचा फरक दिसतो, प्रत्यक्षात तो 12 च्या आतबाहेर आहे, कारण दोन्हींचे शून्य वेगळे.

डिजिटल बाजूला डीबीएफएस हे एकक चालते आणि तिथे शून्य सर्वांत वर असते. कन्व्हर्टर जो सर्वांत मोठा आकडा लिहू शकतो तो शून्य. बाकी सगळे उणे. त्या शून्याच्या पलीकडे काहीच नाही. ॲनालॉग टेप किंवा व्हॉल्व्हचा ॲम्प मर्यादेजवळ येताना हळूहळू दबत जातो आणि कानाला तो दाब कधी कधी गोडही लागतो. कन्व्हर्टर मात्र लाटेचा माथा सपाट कापून टाकतो.

डीबीयू आणि डीबीएफएस यांची सांगड निसर्गाने घातलेली नाही, ती उपकरण बनवणारा घालतो. युरोपातल्या प्रसारणाच्या रूढीत 0 डीबीयू म्हणजे उणे 18 डीबीएफएस; अमेरिकेतल्या एसएमपीटीई या संस्थेच्या शिफारशीत अधिक 4 डीबीयू म्हणजे उणे 20 डीबीएफएस. त्यामुळे पहिल्या पद्धतीत पूर्ण पातळी अधिक 18 डीबीयूवर येते आणि दुसऱ्या पद्धतीत अधिक 24 वर. मिक्सरच्या माहितीपत्रकात कमाल इनपुट आणि कमाल आउटपुटचे जे आकडे छापलेले असतात, ते हेच. पुढच्या उदाहरणांसाठी 0 डीबीएफएस म्हणजे अधिक 22 डीबीयू असलेला मिक्सर धरला आहे.

मंडपात सर्रास दिसणारा माइक म्हणजे शुअर कंपनीचा एसएम58 किंवा त्याची नक्कल. 1966 पासून चालत आलेल्या या डायनॅमिक माइकची संवेदनशीलता 94 डेसिबल ध्वनिदाबाला 1.85 मिलिव्होल्ट, म्हणजे सुमारे उणे 52 डीबीयू. भजन म्हणणाऱ्याचा आवाज माइकच्या जाळीशी सरासरी 100 डेसिबल भरला, तर माइकमधून उणे 46 डीबीयू बाहेर पडतात. ते अधिक 4 डीबीयूवर, म्हणजे डिजिटल मीटरवर उणे 18 वर आणायला 50 डेसिबल गेन लागतो. गायक खड्या आवाजाचा असेल आणि पातळी 110 पर्यंत जात असेल, तर 40 पुरतो. निवेदक माइक हनुवटीखाली धरून बोलत असेल, तर 55 ते 60 लागतात. माइक आणि तोंड यांमधले अंतर दुप्पट झाले की जवळच्या टप्प्यात साधारण 6 डेसिबल जातात. म्हणून पडद्यावरच्या आकड्यापेक्षा माइक धरण्याची सवय महत्त्वाची, आणि हात सारखा मागे-पुढे नेणाऱ्या गायकासाठी कोणताच गेन अचूक ठरत नाही.

आता खालची हद्द. 150 ओहमच्या रोधातला उष्णतेमुळे उठणारा विद्युत-गोंधळ, म्हणजे कुठल्याही युक्तीने टाळता न येणारी खरखर, पूर्ण श्राव्य पट्ट्यात सुमारे उणे 131 डीबीयू भरते. चांगल्या प्रीॲम्पची इनपुटवर मोजलेली खरखर उणे 128 च्या आसपास असते. 50 डेसिबल गेन दिल्यावर ती उणे 78 वर येते. कन्व्हर्टरची प्रत्यक्ष क्षमता 110 डेसिबल धरली, तर त्याची स्वतःची खरखर उणे 88 डीबीयूवर राहते, म्हणजे प्रीॲम्पच्या खरखरीपेक्षा 10 डेसिबल खाली. याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. सिग्नल उणे 18 डीबीएफएसवर असताना कन्व्हर्टर खरखरीत जवळपास काहीच भर घालत नाही. गेन आणखी 10 डेसिबल वाढवला, तर माइकची आणि प्रीॲम्पची खरखरही तेवढीच वर येते. फायदा जवळपास शून्य आणि वरची मोकळीक मात्र 10 डेसिबलने कमी.

मंडपात तर हा हिशेबही गरजेपेक्षा बारीकच म्हणायचा. गर्दीचा, पंख्यांचा आणि मागे चालणाऱ्या जनरेटरचा आवाज माइकपाशी 60 डेसिबल असला, तरी तो गायकापेक्षा फक्त 40 डेसिबल खाली आहे. मीटरवर तो उणे 58 ला दिसेल, म्हणजे प्रीॲम्पच्या खरखरीपेक्षा 42 डेसिबल वर. समजा कोणी गेन 50 ऐवजी 20 ठेवला आणि राहिलेले 30 डेसिबल डिजिटल बाजूला भरून काढले. स्टुडिओतल्या मोजणीत या निष्काळजीपणाने सिग्नल आणि खरखर यांमधले जवळपास 20 डेसिबल गमावले, असे दिसेल. मंडपातल्या माणसाला ते ऐकूही येणार नाहीत. उलट गेन 15 डेसिबल जास्त झाला, तर पहिल्याच आलापाला फाटलेला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल. दोन्ही बाजूंच्या चुका सारख्या महाग नाहीत. डिजिटल यंत्रणेत शंका आली की गेन कमी ठेवावा.

मग मीटर लाल दिव्याच्या काठापर्यंत न्यायची सवय आली कुठून? ती टेपच्या काळातली आहे. टेपची सळसळ इतकी वर असे, की तिच्यापासून दूर राहण्यासाठी सिग्नल शक्य तितका वर ठेवावा लागे. त्या काळाचे मापक होते व्हीयू मीटर, 1939 मध्ये अमेरिकेत प्रमाणित झालेले. त्याचा काटा सुमारे 300 मिलिसेकंदांत सावकाश चढतो, म्हणजे तो सरासरी दाखवतो, लाटेचे माथे दाखवत नाही. काटा शून्यावर, म्हणजे अधिक 4 डीबीयूवर ठेवला, तरी वर 18-20 डेसिबलची जागा उपकरणातच राखलेली असे. सुरुवातीच्या 16 बिट यंत्रणांनी ही सवय आणखी पक्की केली. दर बिटला 6 डेसिबल या हिशेबाने 16 बिटना 96 डेसिबल मिळतात, त्यामुळे एकही बिट वाया जाऊ नये असे सांगितले जाई. 24 बिट आल्यावर कागदावर 144 डेसिबल झाले. प्रत्यक्ष कन्व्हर्टर 110 ते 120 च्या पुढे क्वचित जातात, पण तेवढ्यानेही जुना सल्ला निकालात निघाला. तो हातातून मात्र अजून गेलेला नाही, कारण डिजिटल मीटरवर उणे 18 ही पातळी अर्ध्याहून बरीच खाली दिसते आणि मीटर रिकामा आहे असे वाटते. तो रिकामा नसतो. जुन्या व्हीयू मीटरचे शून्य तिथेच होते.

खंजिरी या मोकळ्या जागेचा उपयोग दाखवून देते. लाटेचा माथा सरासरीपेक्षा किती वर जातो याचे माप वाद्यागणिक बदलते. सततच्या शुद्ध सुरासाठी ते 3 डेसिबल असते. पेटी त्याहून थोडी वर, गळा साधारण 12 ते 15, आणि ताणलेल्या कातड्यावरची थाप व चकत्यांचा छणत्कार मिळून खंजिरीचे 20 किंवा त्याहून जास्त. टाळांचेही तसेच. म्हणून खंजिरीच्या चॅनेलवर सरासरी दाखवणारा मीटर उणे 25 वर डुलत असताना माथे उणे 5 ला लागत असतात, आणि सरासरी बघून गेन वाढवणारा माणूस प्रत्येक थाप कापत असतो. कापलेली थाप मोठी वाटत नाही, बोथट वाटते. मग तिला धार यावी म्हणून इक्वलायझरमध्ये वरचे स्वर चढवले जातात आणि टाळ कानाला टोचू लागतात. अशा चॅनेलवर पीक मीटर बघावा आणि सर्वांत जोरदार थाप उणे 10 ते उणे 6 च्या आत ठेवावी; सरासरी कुठे येते याची चिंता करू नये. प्रीॲम्पचा गेन सर्वांत खाली आणूनही थाप लाल होत असेल, तर सिग्नल 20 डेसिबलने कमी करणारा पॅड लावावा किंवा माइक वीतभर मागे घ्यावा. बहुधा दुसरा उपाय जास्त चांगला ऐकू येतो.

गेन लावायची वेळ कार्यक्रमाआधीची आणि माणूस प्रत्यक्ष गाणारा असावा. साउंडवाल्याचा पोऱ्या माइकवर ‘हॅलो, चेक, वन टू थ्री’ म्हणतो, तेव्हा त्याची पातळी भजनाच्या चढत्या ओळीपेक्षा 10-15 डेसिबल सहज खाली असते. त्याच्यावर बेतलेला गेन पहिल्या भजनात लाल होतो. मुख्य गायकाकडून सर्वांत वरच्या पट्टीतली ओळ पूर्ण जोराने म्हणवून घ्यावी, माथे उणे 10 च्या आसपास आणावेत आणि वर थोडी जागा आणखी सोडावी. समोर लोक बसल्यावर प्रत्येक गायक तालमीपेक्षा मोठ्यानेच गातो. त्यानंतर गेनला हात न लावणे चांगले. डिजिटल मिक्सरमध्ये एकाच प्रीॲम्पवरून मुख्य स्पीकर, गायकांसमोरचे मॉनिटर आणि रेकॉर्डिंग असे सगळे निघते. कार्यक्रम चालू असताना तो 6 डेसिबल वाढवला, तर मॉनिटरही तेवढाच वाढतो आणि शिट्टी सुरू होते. फरक करायचाच झाला तर तो फेडरवर करावा.

कॉर्डलेस माइकला गेनच्या दोन जागा असतात आणि दुसरी बहुधा विसरली जाते. ट्रान्समीटरच्या संवेदनशीलतेवरून तोंडाजवळचा आवाज फाटणार की नाही ते ठरते, रिसीव्हरच्या आउटपुटवरून मिक्सरकडे किती जाणार ते. ट्रान्समीटरमध्ये फाटलेला आवाज मिक्सरवर गेन कमी करून दुरुस्त होत नाही. मीटर हिरवा दिसतो आणि आवाज तरी फाटका येतो, तेव्हा पहिला संशय इथेच घ्यावा. रिसीव्हरच्या मागे माइक आणि लाइन असे बटण असेल, तर ते मिक्सरच्या इनपुटशी जुळवून घ्यावे लागते.

कन्व्हर्टर ओलांडल्यावर नियम बदलतात. मिक्सरमधले गणित बहुधा फ्लोटिंग पॉइंट पद्धतीने होते. 2012 मध्ये बाजारात आलेला आणि छोट्या भाडे-व्यवसायातही पोचलेला बेहरिंगरचा एक्स32 हा मिक्सर 40 बिट फ्लोटिंग पॉइंटवर चालतो. साध्या 32 बिट फ्लोटिंग पॉइंटची व्याप्तीही 1,500 डेसिबलच्या वर जाते. त्यामुळे एखाद्या बसवर, म्हणजे अनेक चॅनेल एकत्र येतात त्या मार्गावर, सिग्नल शून्याच्या वर गेला, तरी पुढे मास्टर फेडर खाली ओढला की लाट जशीच्या तशी परत मिळते. लाल दिव्याचा अर्थ तो कुठे लागला यावर अवलंबून असतो. इनपुटवर लागला, तर जे कापले गेले ते गेलेच. फेडर खाली ओढून फक्त फाटलेला आवाज लहान होतो. मधल्या बसवर लागला, तर तो इशारा आहे. आउटपुटच्या कन्व्हर्टरवर लागला, तर पुन्हा कापाकापी. असे असले तरी मधली जागा बेफिकिरीने वापरू नये. कंप्रेसर आणि गेटचे थ्रेशोल्ड ठरावीक पातळीवर बसवलेले असतात, आणि बाहेरच्या इफेक्टकडे जाणारा सिग्नल पुन्हा कन्व्हर्टरमधूनच जातो.

बेरजेचा हिशेबही इथेच येतो. एकमेकांशी संबंध नसलेले दोन सारखे आवाज मिसळले की पातळी 3 डेसिबल वाढते, आठ मिसळले की 9. दोन माइकांनी एकच आवाज एकाच वेळी पकडला, तर वाढ 6 डेसिबल. प्रत्येक चॅनेल उणे 18 वर नीट असूनही मास्टर चढतो तो यामुळे. इक्वलायझरमध्ये खालचे स्वर 6 डेसिबल उचलले, तर त्या पट्ट्यातली मोकळीक तेवढीच कमी झाली. गळ्याच्या चॅनेलवर 80-100 हर्ट्झखालचा भाग फिल्टरने काढून टाकणे हा मोकळीक परत मिळवायचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. हाताळणीचा धडधडाट आणि वाऱ्याचा फुत्कार त्यात जातो.

शिट्टीबद्दल एक गैरसमज फार जुना आहे. ॲम्प कमी करून मिक्सर वाढवला, किंवा उलट केले, की शिट्टी थांबते असे सांगितले जाते. शिट्टी ठरते ती माइकपासून स्पीकरपर्यंत आणि हवेतून परत माइकपर्यंतच्या एकूण गेनवर. तो कोणत्या टप्प्यावर वाटला आहे याने तिच्यात फरक पडत नाही. उघडे माइक दुप्पट झाले की सुरक्षित गेन 3 डेसिबलने कमी होतो. म्हणून न वापरलेले माइक बंद ठेवणे आणि स्पीकर गायकांच्या पुढे नेणे हे उपाय खरे; गेन स्ट्रक्चरकडून ती अपेक्षा ठेवू नये.

भजनांच्या मधल्या वेळात मोबाइलवरून आरत्या आणि गाणी वाजतात, तिथे वेगळीच अडचण येते. बाजारातले ध्वनिमुद्रण कंप्रेसर आणि लिमिटरने आधीच चेपलेले असते. माथे शून्याला टेकलेले आणि सरासरी उणे 10 च्या आसपास. तेच चॅनेल थेट भजनाशेजारी तशाच पातळीवर ठेवले, तर गाणे गायकापेक्षा 8-10 डेसिबल मोठे ऐकू येते. मोबाइलचा आवाज पूर्ण किंवा जवळपास पूर्ण ठेवून मिक्सरच्या इनपुटवर तो 8-10 डेसिबलने खाली आणणे बरे. मोबाइल अर्ध्यावर ठेवून मिक्सरवर गेन वाढवला, की गाण्यासोबत चार्जरची घुरघुरही वाढते.

यंत्रणेतली सगळ्यात मोठी गफलत मात्र मिक्सर आणि ॲम्प यांच्या सांध्यावर असते. अनेक पॉवर ॲम्पची संवेदनशीलता 0.775 व्होल्ट, म्हणजे 0 डीबीयू असते. एवढे व्होल्टेज मिळाले की ते पूर्ण शक्ती देतात. मिक्सर अधिक 22 डीबीयूपर्यंत देऊ शकतो. ॲम्पचे नॉब पूर्ण उघडे असतील, तर मिक्सरचा मीटर उणे 22 ला पोचताच ॲम्पचा क्लिप दिवा लागतो. वरचे 22 डेसिबल कधीच वापरले जात नाहीत आणि सिग्नल मिक्सरच्या आउटपुटच्या खरखरीकडे ढकलला जातो. 110 डेसिबल क्षमतेच्या आउटपुटची खरखर उणे 88 डीबीयू, म्हणजे ॲम्पच्या पूर्ण शक्तीपेक्षा फक्त 88 डेसिबल खाली. 1,000 वॉटचा ॲम्प आणि 1 वॉटला 1 मीटरवर 106 डेसिबल देणारा हॉर्न असेल, तर कोणी काही बोलत नसतानाही 1 मीटरवर 48 डेसिबलचा सुस्कारा ऐकू येतो. शांत सभागृहात तो पहिल्या रांगांना स्पष्ट कळतो. नॉब 20 डेसिबल खाली आणला, की तो 28 वर येतो आणि नाहीसाच होतो. मंडपाच्या मागून ओढलेल्या 30-40 मीटर केबलवर वीजतारांची गुणगुण चढते, तीही या उपायाने दबते, कारण केबलवरून जाणारा सिग्नल 20 डेसिबल मोठा झालेला असतो.

ॲम्पचा नॉब शक्ती कमी करतो असे समजून तो नेहमी पूर्ण उघडा ठेवण्याचा प्रघात आहे. तो इनपुटवरचा अडसर आहे. पुरेसे व्होल्टेज दिले, तर अर्ध्यावरच्या नॉबनेही ॲम्प पूर्ण शक्ती देतो. तो लावायची रीत सोपी आहे. स्पीकरच्या तारा काढाव्यात, मिक्सरमधून 1 किलोहर्ट्झचा सूर आउटपुट मीटरवर उणे 3 च्या आसपास येईल असा पाठवावा, मधल्या क्रॉसओव्हरचे मीटर लाल होत नाहीत ना ते बघावे, मग ॲम्पचा नॉब क्लिप दिवा लागेपर्यंत वाढवावा आणि किंचित मागे घ्यावा. आता मिक्सर, डीएसपी आणि ॲम्प यांची वरची हद्द एकाच वेळी येते. मिक्सरवर जे दिसते तेच ॲम्पमध्ये घडत असते, आणि चालवणाऱ्याला मंडपामागे धावत जाऊन दिवे बघावे लागत नाहीत.

लिमिटरला अर्थ येतो तो या जुळणीनंतर. 8 ओहमचा 300 वॉट सरासरी सोसणारा स्पीकर असेल, तर त्याच्यावर 49 व्होल्टपेक्षा जास्त जाऊ नयेत. ॲम्पचा गेन 32 डेसिबल, म्हणजे चाळीसपट असेल, तर इनपुटला 1.23 व्होल्ट, नेमके अधिक 4 डीबीयू, ही लिमिटरची पातळी ठरते. पण हे आकडे नॉबच्या एका ठरावीक जागेसाठीच खरे असतात. नंतर कोणी नॉब 10 डेसिबलने वाढवला, तर लिमिटर तेच आकडे पाळत दहापट शक्तीला वाट देतो, निदान ॲम्पच्या कुवतीपर्यंत तरी. लिमिटर असूनही टॉपचे डायफ्रॅम जळतात त्यामागे अनेकदा हेच असते. कापलेल्या लाटेत सरासरी शक्ती वाढते आणि वरच्या स्वरांचा भार हॉर्नवर येतो. लिमिटर लावलेल्या रॅकमध्ये ॲम्पच्या नॉबवर झाकण हवेच.

शेवटचा टप्पा हवेतला आहे आणि त्याला कायद्याची हद्द आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, व्यापारी भागात 65 आणि 55, औद्योगिक भागात 75 आणि 70, शांतता क्षेत्रात 50 आणि 40 ही मानके आहेत. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. त्या वेळात उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. सणासुदीला राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर ध्वनिवर्धकाचा आवाज त्या भागाच्या मानकापेक्षा 10 डेसिबल जास्त किंवा 75 डेसिबल, यांतले जे कमी असेल त्याच्यावर जाऊ नये. लोहाऱ्यात एमआयडीसीही आहे आणि घरांची वस्तीही. पहिल्या भागात दिवसाची मर्यादा 75 येते, दुसऱ्यात 65.

या आकड्यांचे वॉटमध्ये रूपांतर केले, तर डोळे उघडतात. 1 वॉटला 1 मीटरवर 100 डेसिबल देणारा एक स्पीकर धरू. मोकळ्या जागेत 30 मीटरवर त्याचा आवाज सुमारे 29.5 डेसिबलने कमी होतो. हद्दीवर 75 डेसिबल हवे असतील, तर सरासरी 2.8 वॉट पुरतात. 65 हवे असतील, तर 0.28 वॉट. भिंतींवरून परतणारा आवाज धरला, तर त्याहूनही कमी. मग मोठा ॲम्प कशाला? माथ्यांसाठी. खंजिरीचा माथा सरासरीच्या 20 डेसिबल वर, म्हणजे शंभरपट शक्तीवर जातो, 2.8 वॉटच्या सरासरीला 280 वॉटची थाप लागते. मोठा ॲम्प म्हणजे मोठा आवाज हे समीकरण इथे कोलमडते. भजनासाठी मोठा ॲम्प हवा तो लहान आवाज न फाटता पोचवण्यासाठी. नियमातली मोजणी ए प्रकारच्या भारांकनाने होते आणि त्यात 50 हर्ट्झचा स्वर 30 डेसिबलने कमी धरला जातो, ही गोष्ट डीजेच्या बेसवाल्यांच्या पथ्यावर पडते. शेजारच्या खिडक्यांच्या तावदानांना हे भारांकन माहीत नसते.

जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने धार्मिक स्थळांवरच्या ध्वनिवर्धकांसंबंधी निकाल देताना, यंत्रणेतच डेसिबलची मर्यादा बसवलेली असावी अशी व्यवस्था करण्याचा विचार सरकारने करावा, असे सुचवले. तांत्रिकदृष्ट्या हे अवघड नाही. आउटपुटच्या डीएसपीत लिमिटर असतोच. हद्दीवर मीटर धरून त्याची पातळी ठरवायची आणि पासवर्डने कुलूप लावायचे. मात्र त्या लिमिटरनंतरचा प्रत्येक नॉब, ॲम्प आणि स्पीकर जसाच्या तसा राहिला, तरच ती मर्यादा टिकते. एक जादा स्पीकर जोडला किंवा ॲम्प बदलला, की ठरवलेला आकडा निरर्थक होतो. रोज नव्या ठिकाणी नवी जुळणी करणाऱ्या भाड्याच्या यंत्रणेत ही अट पाळणे कायम बसवलेल्या यंत्रणेपेक्षा कितीतरी अवघड, आणि नियम करणाऱ्यांना हा फरक धरूनच नियम करावे लागतील.

मंडपाबाहेर जाणाऱ्या ध्वनीचा मार्ग वेगळा. अनेक मंडळे भजन यूट्यूबवर थेट दाखवतात. मिक्सरच्या लाइन आउटपुटवरून कॅमेऱ्याच्या माइक इनपुटला तार जोडली, की मध्ये 40 डेसिबलचा पॅड नसल्यास आवाज चिरफाळतो, आणि कॅमेऱ्याचा ऑटो गेन चालू असेल, तर दोन भजनांमधल्या शांततेत गर्दी उसळून वर येते. यूएसबीने संगणकाला जोडल्यास डिजिटलचे ॲनालॉग आणि पुन्हा डिजिटल ही कन्व्हर्टरची फेरी टळते. प्रेक्षकांना ऐकू येणारा मोठेपणा आता माथ्यांवरून ठरत नाही. आयटीयूच्या 2006 मधल्या बीएस 1770 या पद्धतीने मोजलेल्या एलयूएफएस या एककावर ठरतो. युरोपीय प्रसारणाने 2010 पासून उणे 23 एलयूएफएस हे लक्ष्य धरले. यूट्यूब सुमारे उणे 14 च्या वरचे ध्वनिमुद्रण आपोआप खाली आणते आणि त्याखालचे वर चढवत नाही. मंडपातल्या स्पीकरसाठी केलेले मिश्रण इथे तसेच चालत नाही, कारण पुढच्या रांगांना ढोलकी आणि खंजिरी थेट ऐकू येत असल्यामुळे ती मिक्सरवर कमी ठेवलेली असते. म्हणून प्रक्षेपणाला स्वतंत्र बस द्यावा, त्यात या वाद्यांना थोडे वर उचलावे, श्रोत्यांकडे तोंड केलेला एक माइक मिसळावा आणि शेवटच्या लिमिटरची मर्यादा उणे 1 डीबीएफएसवर ठेवावी. दोन नमुन्यांच्या मध्ये लाट शून्याच्या किंचित वर जाऊ शकते आणि ध्वनीची फाइल दाबून लहान करताना ती आणखी वर जाते. एवढी मोकळीक सहसा तिला पुरते.